दिसायला सारखे, पण जात वेगळी: समुद्री माशांमधले लपलेले चपटे कृमी कसे ओळखायचे, बडोद्यात बसून

पहिल्या वर्षी मला वाकटी माशाच्या पोटात चपट्या कृमींच्या दोन जाती सापडल्या होत्या. एक लांबडी, मागे शेपटीसारखं काहीतरी असलेली, आणि दुसरी आखूड, गोलगट्ट, शेपूटच नसलेली. मी खूश! फोटो काढले, घरी सांगितलं, नाव काय ठेवायचं यावर जेवताना चर्चा पण झाली, आईचं म्हणणं पडलं की किड्याला कुणी आपल्या माणसाचं नाव देतं का. मग सरांनी स्लाइड बघितली आणि एवढंच विचारलं, "मारलेस कसे?" मी म्हटलं लांबडे गरम सलाईनमध्ये मारले, आखूडवाले बर्फातल्या माशात मेलेलेच मिळाले. संपलं. हेमियुरिड कुळातल्या कृमींना मागच्या बाजूला एक्सोमा नावाचा भाग असतो, तो जुन्या दुर्बिणीच्या नळीसारखा आत सरकतो आणि बाहेर येतो. माझ्या दोन जाती म्हणजे एकच जात होती, अर्धी शेपूट आत घेऊन मेलेली.

तेव्हापासून कुणी ज्युनिअर "ताई, मला नवीन स्पीशीज मिळाली" म्हणत आला की मी पण तेच विचारते, मारलीस कशी. हा सगळा लेख त्या एका प्रश्नाचाच विस्तार आहे म्हणा ना. लोकांना वाटतं लपलेली जात, म्हणजे दिसायला दुसरीसारखीच पण खरी वेगळी असलेली, पीसीआर मशीनमध्ये (डीएनएच्या प्रती काढणारं यंत्र) सापडते, पण मासा कापल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही काय केलं त्यावर पुढचं वर्षभराचं काम टिकतं नाहीतर पडतं.

आधी हे कोण ते बघू

समुद्री माशांवर चपट्या कृमींचे तीन मोठे गट भेटतात. मोनोजीनिया हे बहुतेक कल्ल्यांवर नाहीतर कातडीवर राहतात, मागच्या टोकाला हॅप्टर म्हणजे आकड्यांचा पंजा असतो, आणि यांचं आयुष्य सरळ, एका माशावरून दुसऱ्या माशावर, मध्ये कुणी नाही. डायजीनिया म्हणजे फ्लूक, हे जास्त करून आतड्यात आणि जठरात, यांना आधी गोगलगाय किंवा शिंपला लागतो, मग बऱ्याचदा अजून एक मधला प्राणी, आणि मग मासा. तिसरे फीतकृमी, त्यांच्यावर मी इथे बोलणार नाही, त्यांचं तंत्र वेगळं.

यांच्यात लपलेल्या जाती एवढ्या का? शरीर मऊ, लांबी कधी अर्धा मिलिमीटर तर कधी पाच, ना खवले ना पंख ना रंग, वेगळेपण दाखवायला अंगावर आहे काय बिचाऱ्यांच्या? दोन चूषक (चिकटून राहायच्या वाट्या), वृषण, अंडाशय, पीतक ग्रंथी (अंड्यांना पोषण पुरवणाऱ्या), अंडी, झालं. त्यामुळे दोन जाती लाखो वर्षं वेगळ्या राहिल्या तरी मायक्रोस्कोपखाली जुळ्या दिसू शकतात.

आणि हा नुसता नावांचा खेळ नाही हां. निओबेनेडेनिया मेलेनी या मोनोजीनियाचं उदाहरण घ्या. मॅकॅलम यांनी १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या माशांवरून त्याचं वर्णन केलं. पुढे हाच कृमी जगभरात शंभराहून जास्त माशांच्या जातींवर सापडल्याच्या नोंदी झाल्या, जे मोनोजीनियाच्या मानाने अतीच आहे कारण हे लोक सहसा घरचं सोडून बाहेर जेवत नाहीत. १९५५ मध्ये हार्गिस यांनी निओबेनेडेनिया गिरेली वेगळी काढली होती, १९९६ मध्ये ती परत मेलेनीमध्येच विलीन केली गेली कारण दिसण्यात फरक पकडता येईना, आणि मग डीएनए आल्यावर कळलं की दोन आहेतच, आणि मत्स्यशेतीत त्रास देणाऱ्या बऱ्याच नोंदी प्रत्यक्षात गिरेलीच्या आहेत. पिंजऱ्यातला मासा मरतोय आणि तुम्ही चुकीच्या जातीवरची माहिती वाचून उपाय करताय, असा तो घोळ.

मासा कुठून आणायचा

बडोद्याला समुद्र नाही, हा आपला पहिला प्रॉब्लेम. बाजारात वेरावळ-पोरबंदरचा माल येतो पण बर्फातून, आणि बर्फात पडून राहिलेल्या माशाच्या कल्ल्यावरचे मोनोजीनिया मरून गळून जातात, जठरातले फ्लूक तर अक्षरशः पचायला लागतात. असे कृमी डीएनएला कधीकधी चालतात, पण मोजमापाला अजिबात नाही. फ्रीझरमधला मासा तर विसराच. सराव करायचा असेल, हात बसवायचा असेल, तर बाजारातला बांगडा आणा, त्याच्या जठरात लेसिथोक्लेडियम हा फ्लूक मिळण्याची बरी शक्यता असते. खरं काम करायचं असेल तर मायक्रोस्कोप घेऊन किनाऱ्यावर जा. संध्याकाळची वेरावळची गाडी, सकाळी बंदरावर, मासा उतरला की दोन-तीन तासांत कापून मोकळं. वेरावळला सीएमएफआरआय या केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, आधी रीतसर पत्र लिहून कुठे बसायला टेबल मिळतं का ते बघा, नाहीतर गेस्टहाउसच्या खोलीत केटल आणि पेट्री डिश घेऊन बसायची तयारी ठेवा, आणि खोलीवाला शाकाहारी असला तर आधीच सांगून टाका, नंतर वास आल्यावर सांगण्यात अर्थ नाही. घरीही तेच, आमचं वरचं बिऱ्हाड कट्टर शाकाहारी असल्यामुळे मी आजतागायत घरात एक मांदेलीसुद्धा कापलेली नाही.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलर बंद असतात, गुजरातमध्ये अलीकडे १५ ऑगस्टपर्यंत, तर एम.एस्सी.चा प्रोजेक्ट उन्हाळ्यात सुरू करून जुलैत सॅम्पल आणू असं ठरवणाऱ्यांनी कॅलेंडर बघावं. पावसाळ्यात भरूचकडे नर्मदेच्या मुखात पाला मासा मिळतो, समुद्रातून नदीत चढणारा, तो एक पर्याय.

अजून एक गोष्ट, इथे गुजरातेत दारूबंदी आहे आणि लॅबचं अॅब्सोल्युट अल्कोहोलसुद्धा परमिटवर मिळतं. म्हणजे फील्डच्या आदल्या आठवड्यात "अरे इथेनॉल संपलं" असं म्हणून चालणार नाही, साठा आधी बघा. गाडीत मोठी बाटली नेऊ नका, ज्वलनशील वस्तू रेल्वेत नेता येत नाही. जिथे उतरणार तिथल्या लॅबशी आधी बोलून ठेवलेलं सगळ्यात बरं.

मासा नेमका कोणता, हे आधी

इथे भले भले घसरतात. कृमीची लपलेली जात शोधायला निघतात आणि मासाच चुकीचा लिहितात. आपलं साधं पापलेट घ्या, वर्षानुवर्षं सगळ्या पेपरात पॅम्पस अर्जेंटियस लिहिलं गेलं, नंतर डीएनएवरून दाखवलं गेलं की आपल्या किनाऱ्यावरचं पापलेट पॅम्पस कँडिडस आहे. वाकटीचं ट्रायकियुरस लेप्ट्युरस हे नाव पण एका जातीचं आहे की अनेक जातींच्या गाठोड्याचं यावर वाद आहेच. राणी माशातही दोन-तीन जाती एकाच टोपलीत येतात.

म्हणून प्रत्येक माशाला नंबर द्या, बाजूने पूर्ण फोटो काढा, मोजपट्टी शेजारी ठेवून, पंख पसरून, आणि पंखाचा नखाएवढा तुकडा इथेनॉलमध्ये ठेवा. हा तुकडा कदाचित कधीच लागणार नाही. लागला तर मात्र त्याशिवाय काहीच चालणार नाही. मासा कुठल्या बोटीचा, जाळं साधारण कुठे टाकलं होतं हे खलाशालाच विचारा, ते सांगतात, फक्त घाईत असतात. घोळ मासा मात्र मागायला जाऊ नका, २०२३ पासून तो गुजरातचा राज्यमासा आहे म्हणून नव्हे, तर त्याची हवेची पिशवी एवढी महाग जाते की पोटाला सुरी लावू देणारा कोळी मला तरी अजून भेटलेला नाही.

कापताना

कल्ले आधी. प्रत्येक कमान वेगळी कापून वेगळ्या पेट्री डिशमध्ये, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात, आणि डावी-उजवी, पहिली ते चौथी असं लिहून ठेवा. कंटाळवाणं आहे हो, पण मोनोजीनियात दोन जवळच्या जाती एकाच माशावर राहतात तेव्हा कधीकधी जागा वाटून घेतात, एक कमानीच्या टोकाला तर दुसरी बुडाशी, आणि ही गोष्ट सगळे कल्ले एका डिशमध्ये ढवळल्यावर कुणाला कधीच कळणार नाही.

मग पोट. जठर, जठरामागच्या अंधनलिका, आतडं, गुदाशय, पित्ताशय हे सगळं वेगवेगळं. सलाईन म्हणजे एक लिटर पाण्यात साडेआठ ग्रॅम मीठ, साधं, पण आयोडीनवालं नको. आतडं लांबीत चिरून सलाईनच्या बरणीत टाका, झाकण लावून जोरात हलवा, थांबा, कृमी जड असतात ते खाली बसतात, वरचं गढूळ पाणी ओता, परत सलाईन, परत हलवा. चार-पाच वेळा केलं की पाणी स्वच्छ होतं आणि तळाशी हलणारे पांढरे ठिपके दिसतात. बघायला मजा येते, खरंच. चिमट्याने उचलू नका, बारीक ब्रशने किंवा ड्रॉपरने.

मारणं

आता तो प्रश्न. जिवंत कृमी रबरासारखा असतो, लांब होतो, आखडतो, वळतो. थंड फिक्सेटिव्हमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) टाकला तर तो आक्रसून मरतो. काचेखाली दाबून मारला तर पसरतो, रुंदी वाढते, चूषक फाकतात, आणि जुन्या पेपरांमध्ये कितीतरी वर्णनं अशा दाबलेल्या नमुन्यांवरून आहेत, त्यामुळे जुना आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर लगेच नवीन जात म्हणून उड्या मारू नका.

बरोबर पद्धत अशी. कृमी वाटीत, अगदी थोड्या सलाईनमध्ये. केटलमध्ये सलाईन उकळीच्या जवळ आणा. एका झटक्यात ओता. कृमी क्षणात, सैल अवस्थेत, सरळ मरतो. लगेच ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये काढून घ्या. असा कृमी मोजमापालाही चालतो आणि डीएनएलाही, कारण उकळत्या पाण्याचा तो एक सेकंद डीएनएचं फारसं काही बिघडवत नाही. फॉर्मॅलिन मात्र बिघडवतं. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या कृमीवरून साधा पीसीआर निघण्याची आशा सोडून द्या. माझ्या ओळखीतल्या एकाने व्हायल (नमुन्यांच्या छोट्या बाटल्या) वेगळ्या ठेवल्या होत्या पण लेबलं बॉलपेनने लिहिली होती, इथेनॉलने शाई धुऊन नेली आणि फॉर्मॅलिनवाली कुठली हे ओळखायला शेवटी वास घेत बसावं लागलं. लेबल पेन्सिलने, ट्रेसिंग पेपरवर, आणि व्हायलच्या आत. बाहेर चिकटवलेलं लेबल हे लेबल नाही.

सगळे कृमी एकाच प्रकारे मारा. हे दोनदा लिहिलंय असं समजा.

एकाच कृमीचे दोन पुरावे

हा भाग निवांत वाचा, इथेच खरी मेख आहे.

लोक काय करतात, एका माशातून दहा कृमी निघाले, पाच रंगवले, पाच डीएनएला पाठवले. आता डीएनएत दोन गट आले. मग रंगवलेल्या पाचांपैकी कुठला कुठल्या गटातला? माहीत नाही! लपलेल्या जातींचा तर अर्थच हा की दिसण्यावरून सांगता येत नाही. म्हणजे तुमच्याकडे डीएनएवरून काढलेलं नात्यांचं एक सुंदर झाड आहे, पाच सुंदर स्लाइड आहेत, आणि दोघांची ओळखदेख नाही.

उपाय म्हणजे ज्या कृमीचा डीएनए काढला त्याचाच उरलेला भाग स्लाइडवर ठेवायचा, याला होलोजेनोफोर म्हणतात. त्याच माशातला दुसरा, तसाच दिसणारा कृमी ठेवला तर तो पॅराजेनोफोर, चालतो, पण तो साक्षीदार ऐकीव माहितीचा. निदान प्रत्येक गटातून तीन-चार होलोजेनोफोर पाहिजेतच.

कापायच्या आधी पूर्ण कृमीचा फोटो आणि मोजमाप, तात्पुरती स्लाइड करून. मग बारीक सुईने किंवा सर्जिकल ब्लेडच्या टोकाने तुकडा काढा. फ्लूकमध्ये वृषणाच्या मागे मोकळा भाग असेल तर तो, नाहीतर कडेची पातळ चिरी. हेमियुरिड असेल तर एक्सोमा, तोच तो माझी फजिती करणारा, इथे कामाला येतो. गर्भाशयाचा भाग टाळा, कारण त्यातल्या अंड्यांत दुसऱ्या कृमीच्या शुक्राणूंचा वाटा असू शकतो आणि मग पेशीकेंद्रातल्या डीएनएच्या सिक्वेन्समध्ये (अक्षरांच्या क्रमात) एकाच जागी दोन-दोन शिखरं दिसून डोकं फिरतं. आतड्याच्या नळीचा भाग पण शक्यतो नको, तिच्यात माशाचं रक्त-मांस असतं. माझ्या पहिल्या सहा सिक्वेन्सपैकी दोन चक्क वाकटीचेच निघाले होते.

मोनोजीनियात उलटं करा, मधलं धड डीएनएला, पुढचं-मागचं टोक स्लाइडला, कारण ओळख हॅप्टरच्या आकड्यांवर आणि नर जननेंद्रियाच्या कठीण भागांवर असते.

रंग आणि मोजमाप

फ्लूकसाठी मेयरचं हिमॅटॉक्सिलिन किंवा अॅसिटोकार्माइन. जास्तच रंगवा, मग ७० टक्के इथेनॉलमध्ये एक टक्का हायड्रोक्लोरिक अॅसिड घालून रंग उतरवत न्या, अवयव स्पष्ट दिसायला लागले की थांबा, अमोनियाच्या पातळ द्रावणाने अॅसिड मारा, मग ९०, १०० टक्के इथेनॉल, मिथाइल सॅलिसिलेट किंवा लवंग तेलात पारदर्शक करा, कॅनडा बाल्सममध्ये बसवा. बाल्सम वाळायला वेळ लागतो, पावसाळ्यात तर विचारू नका, ओव्हनमध्ये ४० डिग्रीला ठेवा. मोनोजीनियाच्या आकड्यांना रंग नको, अमोनियम पिक्रेट-ग्लिसरीन लावलं की आकडे छान उठून दिसतात.

मोजायचे फक्त अंडी असलेले प्रौढ कृमी. कच्चा आणि पक्का एका टेबलात टाकून दोन जाती काढणं हा जुना धंदा आहे. नुसती लांबी-रुंदी फार बोलत नाही कारण माशाचा आकार, पोटातली गर्दी, सगळ्याने ती बदलते. गुणोत्तरं बघा, तोंडाचा चूषक आणि पोटाचा चूषक यांच्या रुंदीचं प्रमाण, पुढच्या भागाची लांबी एकूण लांबीच्या किती टक्के, पीतक ग्रंथी पुढे कुठपर्यंत जातात. हेमियुरिडमध्ये एकूण लांबी कधीच एकटी देऊ नका, एक्सोमा वेगळा, बाकीचं शरीर वेगळं. निदान दहा-पंधरा कृमी प्रत्येक गटाचे, आणि शक्यतो वेगवेगळ्या माशांतून. डोळ्याला फरक दिसत नसला तरी सगळी मापं एकत्र घालून प्रिन्सिपल कॉम्पोनंट अॅनालिसिस (अनेक मापं एका आलेखावर आणणारी आकडेमोड) केलं की कधीकधी दोन ढग वेगळे पडतात, आणि मग परत स्लाइडवर जाऊन बघितलं की अरे हो, हे तर दिसत होतं असं होतं.

डीएनए

तुकडा मिलिमीटरचा दहावा हिस्सा असला तरी पुरतो. डीएनए काढायचं किट नसेल तर पाच टक्के चेलेक्स रेझिन, त्यात प्रोटिनेज के हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम, ५६ डिग्रीला तासनतास, मग ९५ डिग्रीला दहा मिनिटं, वरचं पाणी वापरा, काम होतं.

कुठला मार्कर, म्हणजे डीएनएचा कुठला तुकडा वाचायचा? तीन ठेवा डोक्यात. २८एस हा हळू बदलतो, कुळ-वंश कुठला ते सांगतो, जवळच्या जाती वेगळ्या करायला कमी पडतो. आयटीएस२ मध्यम वेगाचा, फ्लूकच्या जाती ओळखायला वर्षानुवर्षं हाच वापरला गेला, ३एस आणि आयटीएस२.२ या प्रायमरनी (पीसीआरला सुरुवात-शेवट दाखवणारे छोटे तुकडे) तो बहुतेक वेळा निघतो. आणि तिसरा मायटोकाँड्रियाचा कॉक्स१, हा भराभर बदलतो, लपलेल्या जाती इथेच उघड्या पडतात. त्याचे जेबी३ आणि जेबी४.५ हे प्रायमर जुने, साधारण ४०० बेसचा तुकडा देतात, समुद्री माशांच्या फ्लूकमध्ये बऱ्याचदा रुसतात, तेव्हा डिग_कॉक्स१एफए आणि डिग_कॉक्स१आर ही जोडी करून बघा. फक्त आयटीएस२ करून "फरक नाही, एकच जात" असं लिहू नका, ताज्या फुटलेल्या जातींमध्ये आयटीएस२ शून्य फरक दाखवतो आणि कॉक्स१ मध्ये सरळ दोन गट असतात.

प्रत्येक पीसीआरला पाण्याचा निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे डीएनए न घातलेली एक नळी. सिक्वेन्सिंग बाहेर पाठवा, दोन्ही दिशांनी, आणि क्रोमॅटोग्राम (प्रत्येक बेसचं शिखर दाखवणारा आलेख) स्वतः उघडून वाचा, कंपनीने पाठवलेली अक्षरं तशीच उचलू नका. एका बेसच्या फरकावर जात उभी करणार असाल तर तो बेस स्वच्छ शिखर आहे की खरकटं, एवढं तरी बघाल ना?

मग कॉक्स१ चं प्रोटीनमध्ये भाषांतर करून तपासा. इथे एक खड्डा आहे. सॉफ्टवेअरमध्ये लोक "इनव्हर्टिब्रेट मायटोकाँड्रियल" निवडतात, वाटतं बरोबर आहे, स्टॉप कोडॉन (प्रोटीन मध्येच तोडणारी खूण) पण येत नाही म्हणून चूक कळत नाही. चपट्या कृमींचा कोड वेगळा, टेबल ९, एकायनोडर्म आणि फ्लॅटवर्मचा, त्यात एएए म्हणजे लायसिन नसून अॅस्परॅजिन. आणि टेबल ९ लावूनही मध्येच स्टॉप आला तर सिक्वेन्स खराब आहे किंवा भलत्याच कुणाचा आहे.

ब्लास्टमध्ये, म्हणजे जेनबँक या सार्वजनिक साठ्यात आपला सिक्वेन्स जुळवून बघताना, पहिलं नाव आलं म्हणजे ओळख झाली असं नाही. जेनबँकमध्ये नाव टाकणारा माणूसच असतो. तो नमुना कुठल्या माशातला, कुठल्या समुद्रातला, स्लाइड कुठे ठेवली आहे, हे बघितल्याशिवाय त्या नावावर विश्वास टाकू नका.

निर्णय कसा घ्यायचा

सिक्वेन्स ओळीत लावा, मॅफ्ट किंवा मेगामध्ये, झाड काढा, मॅक्सिमम लाइकलीहूड आणि जमलं तर बेजियन, अशा दोन्ही गणिती पद्धतींनी. आता सगळे विचारतात की किती टक्के फरक म्हणजे वेगळी जात. असा सर्वांना लागू आकडा नाही. तुमच्याच आकड्यांत बघा, एका गटाच्या आत किती फरक, दोन गटांच्या मध्ये किती, आणि मध्ये मोकळी जागा आहे का. असॅपसारखे प्रोग्रॅम ही मोकळी जागा शोधतात, जीएमवायसी आणि बीपीटीपी झाडावरून गट पाडतात, पण हे प्रोग्रॅम कधीकधी उगाच जास्त तुकडे करतात, त्यांचं ऐकायचं पण सही आपली.

ब्रे, कटमोर आणि क्रिब यांनी २०२२ मध्ये प्रीप्टेटॉस या फ्लूकच्या वंशाच्या निमित्ताने एक नियम मांडला, मला तो पटतो. सगळ्यात बारीक फरक दाखवणाऱ्या मार्करमध्ये दोन्ही गट आपापल्या फांदीवर स्वच्छ वेगळे पाहिजेत, आणि त्याच्या जोडीला अजून एक तरी वेगळेपण, दिसण्यात म्हणा नाहीतर कुठल्या माशात राहतात यात. नुसता डीएनए नाही, नुसती माशाची जात नाही.

मी माझ्यापुरतं अजून एक बघते. दोन गट एकाच माशाच्या एकाच जठरात सापडले तर उलट आनंद करा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडं राहतात, जिना एक, नळ एक, पण चुली वेगळ्या, तसं. कॉक्स१ चे दोन गट आणि आयटीएस२ चे दोन गट अगदी त्याच रेषेवर पडत असतील, आणि मधला मिश्र एकही नसेल, तर एवढ्या जवळ राहूनही त्यांचा संकर होत नाही, हा चांगला भक्कम पुरावा. पण थांबा, फ्लूक बहुतेक उभयलिंगी असतात आणि काही स्वतःशीच फलन करतात, त्यामुळे दोन-चार कृमींवर हे बोलू नका, बऱ्याच माशांतून तेच चित्र यायला पाहिजे.

याच्या उलट खड्डा म्हणजे अंतर. एक नमुना वेरावळचा, दुसरा विशाखापट्टणमचा, कॉक्स१ मध्ये फरक, झाली दोन जाती? मधले कोचीचे नमुने घेतले आणि फरक हळूहळू वाढत जाताना दिसला तर ती एकच लांबलचक पसरलेली जात आहे. मधलं सॅम्पल नाही तर निर्णय नाही.

आणि पुरावा अर्धवट असेल तर लाजू नका, "स्पीशीज ए", "लिनिएज २" असं लिहून ठेवा, सिक्वेन्स जमा करा, पुढचा कुणीतरी बघेल.

नाव द्यायचं झालं तर

जुन्या एका नावाखाली दोन जाती निघाल्या, तर जुनं नाव कुणाचं? इथे मूळ वर्णन काढून वाचावंच लागतं, ते कुठल्या माशातल्या, कुठल्या बंदराच्या नमुन्यावर केलं होतं. त्याच माशातून, त्याच भागातून ताजे कृमी आणून सिक्वेन्स करा, जो गट तिथे जुळेल त्याला जुनं नाव, दुसऱ्याला नवीन. आपल्याकडे अडचण अशी की भारतात जुन्या काळी वर्णन केलेल्या खूप जातींचे मूळ नमुने आज हाती लागत नाहीत, आणि चित्रं दाबलेल्या कृमींची. समुद्री माशांच्या फ्लूकवर विशाखापट्टणमच्या आर. माधवी यांनी आयुष्यभर काम केलंय, २०१८ मध्ये त्यांनी आणि रॉडनी ब्रे यांनी भारतातल्या सगळ्या नोंदी एका ग्रंथात तपासून मांडल्या, सुरुवात तिथून करा म्हणजे निम्मी पायपीट वाचते. नाव आज कुठल्या वंशात आहे ते वर्म्स (WoRMS) या समुद्री जातींच्या ऑनलाइन यादीत बघा.

नवीन नावाला आधाराचा मूळ नमुना, शक्यतो होलोटाइप म्हणजे एकच ठरवलेला कृमी, जाहीर करावाच लागतो, आणि फक्त ऑनलाइन छापणार असाल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या नोंदवहीत नोंदणी. पेपरमध्ये होलोटाइप कुठे ठेवला आणि त्याचा नंबर काय हे लिहा. होलोटाइप आपल्या कपाटात ठेवू नका, कोलकात्याला झूऑलॉजिकल सर्व्हेकडे किंवा तसल्याच कायमच्या संग्रहात द्या, तिथला नंबर यायला वेळ लागतो म्हणून पेपर लिहायला बसायच्या आधीच पत्र टाका. स्लाइड पाठवताना लाकडी पेटीत, प्रत्येकीच्या मध्ये कापूस, आणि पेटी आडवी, उभी नाही, कारण बाल्सम पूर्ण वाळलेला नसेल तर कृमी हळूहळू घसरत काचेच्या कडेला जाऊन बसतो, आणि पलीकडच्या माणसाला मिळते ती नुसती लेबल लावलेली कोरी काच.